मागचा जांब

सुमन, आधीच सांगते, अक्षराला हसू नकोस. चौथीनंतर हातात पेन आला तो सहीपुरताच. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर तू मनातल्या मनात दुरुस्त करून घे, तू सातवीपर्यंत शिकलीस. श्रावणीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते आहे. तुला चाकणला पाठवीन की नाही ते अजून ठरलं नाही.

मी गाव सोडलं तो दिवस तुला आठवत असेल. ज्वारी हुरड्याला आली होती, म्हणून दादा फाट्यावर सोडायला आले नाहीत. रान सोडून आले असते तर पाखरांनी कणसं रिकामी केली असती. माय आली होती, तू आली होतीस. मायनं पिशवीत भाकरी, ठेचा आणि चार पिकलेले जांब टाकले. "लेकरू भुकेलं की पहिलं जांब दे," म्हणाली. एसटी आपल्या रानाजवळून गेली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. दादा माळ्यावर उभे होते आणि दोन्ही हात वर करून हलवत होते. मीही हात हलवला. पण ते मला निरोप देत होते की पाखरं हाकलत होते, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही माहीत नाही.

माझी शाळा सुटली ती पाखरांमुळंच. चौथीची परीक्षा झाली आणि त्याच हंगामात मला माळ्यावर चढवलं. चार बांबूंवरचा तो माळा, वर कडब्याचं छप्पर, हातात गोफण, शेजारी मातीच्या खड्यांचा ढीग. गोफण मला लवकर जमली, ओरडणं जमलं नाही. "हुर्रर्र हाऽ" एवढंच तर ओरडायचं, तरी तोंडातून आवाज फुटायचा नाही. दादा बांधावरून म्हणायचे, "तोंड उघड की पोरी! पाखरांना तुझ्या मनातलं ऐकू येतं व्हय?" शेजारच्या रानातली माणसं हसायची, मग तर उरलासुरला आवाजही जायचा.

तेव्हा पाखरू म्हणजे चोर, एवढंच ठाऊक होतं. त्याचं नाव काय, ते काय खातं, पिलांना काय भरवतं, असलं काही मनात यायला वेळच नव्हता.

इकडे वसईला आल्यावर पहिली चार वर्षं गोखिवऱ्याला काढली. श्रावणीचे पप्पा तिथल्या एका गाळ्यात बाटल्यांची झाकणं बनवायच्या मशीनवर लागले होते. चाळीतली खोली, खिडकी उघडली की समोर दुसऱ्या चाळीची भिंत. कावळे आणि कबुतरं सोडली तर पाखरू दिसायचं नाही. मशीनचा आवाज मात्र दिवसभर. मी कुणाशी बोलायचे नाही, आणि त्या आवाजात ते कुणाच्या लक्षातही यायचं नाही. मला ते बरंच वाटायचं.

मग कामावरच्या एका माणसानं सांगितलं, की वसईच्या पश्चिमेला वाडीत एक म्हातारी बाई एकटीच राहते आणि घरामागच्या खोलीत तिला कुटुंब हवं आहे. भाडं कमी, पण वाडीत थोडा हातभार लावायचा. असे आम्ही गेल्या साली होळीच्या सुमारास रेमेतमावशींकडे आलो. मावशी इथल्या जुन्या ख्रिस्ती घरातल्या. त्यांचे मालक, बस्त्यावकाका, आम्ही यायच्या आधीच गेले होते. मुलगी लग्न होऊन मुंबईला. शेजाऱ्यांशी मावशी त्यांच्या बोलीत बोलतात, ती मला निम्मी कळते. माझ्याशी बोलताना सावकाश बोलतात आणि मला "बाय" म्हणतात. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा मला वाटलं, नाव विसरल्या. मग कळलं, ते लाडाचं आहे.

वाडी म्हणजे आपल्यासारखं रान नव्हे. इथं सगळं सावलीत. केळी, नारळ, सोनचाफा, कुंपणाला वेली, आणि मागच्या अंगाला बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं आणि झाडांना पुरतं. माझ्या खोलीच्या दारापुढं, मावशींच्या स्वयंपाकघराला लागून, एक जांबाचं झाड होतं, अगदी आपल्या विहिरीवरच्या जांबासारखं. गुळगुळीत खोड, साल सुटलेली. मी आल्या दिवशी त्याला हात लावून पाहिला.

पाखरांचं सुरू झालं ते एका केळ्यानं. मावशींनी जास्त पिकलेला केळ्यांचा फणा दिला होता, त्यातलं एक काळं पडलेलं केळं मी भिंतीवर ठेवून भांडी घासायला बसले. एक पाखरू येऊन बसलं. डोक्यावर टोकदार तुरा, शेपटीखाली लाल डाग; तो बुलबुल, हे मागून कळलं. माझा हात आपोआप वर गेला, हाकलायला. पण तो तसाच राहिला, कारण ते पाखरू मला घाबरलंच नाही. चोच साल फाडून आत गेली, गर निघाला, मान वर करून गिळला, पुन्हा चोच आत. मी इतक्या जवळून पाखराला खाताना कधी पाहिलं नव्हतं. सुमन, आपण इतकी वर्षं पाखरं राखली, पण आपण पाहिली ती फक्त त्यांची उडतानाची पाठ.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा केळं ठेवलं. तिसऱ्या दिवशी पपईची फोड. मग त्याचा नादच लागला. नारळाची करवंटी काथ्यानं जांबाच्या फांदीला टांगली. मुंग्या लागल्या, तेव्हा काथ्याच्या मधोमध पाण्यानं भरलेली वाटी अडकवली. मुंग्या पाण्यापर्यंत यायच्या, थांबायच्या, परत जायच्या. एकदा मी सकाळभर नुसत्या मुंग्याच बघत बसले. श्रावणीच्या पप्पांचा डबा राहिला. ते म्हणाले, "मी पण करवंटीत येऊन बसतो, म्हणजे मला तरी मिळेल."

हळूहळू कळत गेलं. केळं पूर्ण सोलून ठेवलं तर लवकर काळं पडतं, एका बाजूनं चिरून ठेवलं तर दिवसभर टिकतं. पपई सगळ्यांना आवडते. आंबूस वास आलेलं फळ ठेवू नये, आणि करवंटी रोज घासावी, नाहीतर पाखरं आजारी पडतात. हे मला श्रावणीनं तिच्या बाईंना विचारून सांगितलं. मीठ लागलेलं, शिजवलेलं काही ठेवू नये. पाणी उथळ ठेवावं. बुलबुल पाणी पिऊन लगेच त्यातच अंघोळ करतो, म्हणून दोन भांडी लागतात.

तांबट आला तेव्हा तर मी हातातलं काम टाकलं. हिरवा, कपाळावर कुंकू लावल्यासारखा लाल, चिमणीपेक्षा थोडा मोठा. कुठंतरी भांड्यावर हातोडी पडतेय असा टुक टुक आवाज मी महिनाभर ऐकत होते आणि पलीकडे कुणाचं तरी बांधकाम चाललंय असं समजत होते! हिरवे पारवे मात्र खाली कधी आले नाहीत. बावखलापलीकडच्या उंबरावर सकाळच्या उन्हात पंधरा-वीस बसायचे, पानांसारखेच हिरवे, हलले तरच दिसायचे. मावशी म्हणाल्या, ते जमिनीला पाय लावत नाहीत. मग पाणी कुठं पितात? मावशींनाही ठाऊक नव्हतं. मी अजून बघतेच आहे.

कोकिळेचं तर माझं हसूच झालं. काळा, लाल डोळ्यांचा पक्षी पपईला यायचा, त्याला मी मानानं खाऊ द्यायचे. त्याच्या मागोमाग एक तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेलं पाखरू यायचं. ते मला शिकाऱ्यासारखं वाटायचं. बुलबुलांची पिलं उचलेल म्हणून मी त्याला रोज फडकं हलवून हाकलायचे. एक दिवस मावशींनी पाहिलं.

"अगं बाय, तिला का मारतेस? ती त्याची बायको!"

"हा काळा आणि ती अशी?"

"मग? दादला गात बसतो, ती बिचारी खायला येते, तर तू फडकं मारतेस."

मला इतकी लाज वाटली, की त्या दिवशी मी अर्धी पपई ठेवली.

शेजारच्या वाडीतले पास्कूनाना केळ्याच्या घडांना गोणी बांधून पाखरांपासून वाचवतात. त्यांनी कुंपणावरून करवंटी पाहिली. "रेमेत, आम्ही पाखरं हाकलतो आणि तुझ्या वाडीत खानावळ निघाली काय?" मी दाराआड झाले. मावशी म्हणाल्या, "खानावळ नाही, फुकट आहे. तू पण ये पास्कू, तुला अर्धं केळं ठेवते."

आता जे लिहायचं आहे ते लिहायला मी दोन दिवस लावले.

बावखलाच्या काठावर आणखी एक झाड आहे. उन्हाळ्यात त्याला पांढरी, मेणाची केल्यासारखी फळं लागतात, घंटीच्या आकाराची. चावलं की पाणीच पाणी. मावशी ताटली भरून द्यायच्या, मी खायचे, नाव कधी विचारलं नाही. मनात त्याला घंटीफळ म्हणायचे. ते झाड पाण्यावर वाकलं होतं, फळं-पानं पडून बावखल घाण व्हायचं.

गेल्या साली गणपती होऊन गेल्यावर मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलीकडे गेल्या. तिथून त्यांचा फोन आला. "बाय, उद्या झाड तोडायला माणूस येईल. त्याला मागचा जांब दाखव."

सुमन, खरं सांगते, मला आधी आनंद झाला. इथं जांबाला सगळे पेरू म्हणतात. बाजारात मीही पेरूच म्हणते, नाहीतर भाजीवाली हसते. पण मावशींच्या तोंडून 'जांब' आला आणि मला माहेरचं माणूस बोलल्यासारखं झालं. वाटलं, यांची जुनी बोली, यांच्यातही आपल्यासारखंच म्हणत असतील. त्या आनंदात मी फोन ठेवला. मग झाड आठवलं. त्याच झाडाला करवंटी, त्यावरच सगळ्यांचं येणं-जाणं. फळं सुपारीएवढी धरलेली. का तोडतात? विचारावंसं वाटलं. फोन हातात घेतला, ठेवला. म्हटलं, वाडी त्यांची, झाड त्यांचं. आपण विचारणारे कोण?

तोडणारा सकाळी आला. "ताई, हेच ना? चांगलं फळतं दिसतंय."

"मावशींनी सांगितलंय," मी म्हटलं.

त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग करवंटी सोडून माझ्या हातात दिली आणि कामाला लागला. तासाभरात झाड आडवं झालं. दुपारी बुलबुलांची जोडी आली. जिथं फांदी होती तिथं, नुसत्या हवेत, पंख मारत क्षणभर थांबली, आणि भिंतीवर जाऊन बसली. दोन दिवस ती तसंच करत होती. झाड नाही हे त्यांना कसं कळत असेल, आणि कळायला किती वेळ लागत असेल, मी बघत राहिले.

चौथ्या दिवशी मावशी आल्या, काळा चष्मा लावून. स्वयंपाकघरात शिरल्या आणि हसल्या. "अगो बाई, केवढा उजेड! डॉक्टरचे हात चांगले. सगळं लख्ख दिसतंय मला."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. त्या खिडकीशी गेल्या. चष्मा काढला. हसू तसंच तोंडावर राहिलं होतं आणि डोळे मात्र बाहेर झाड शोधत होते.

"पेरू कुठाय?"

"तुम्ही तोडायला सांगितला ना, मावशी. मागचा जांब."

"जांब!" त्यांनी बावखलाकडे हात केला. "तो जांब! पाण्यावर वाकलाय तो! हा पेरू होता."

"आमच्याकडे यालाच जांब म्हणतात," मी म्हटलं. आवाज फुटला की नाही, माहीत नाही.

मावशी खुर्चीवर बसल्या. माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "बस्त्यावनं लावला होता. आमच्या लग्नाच्या साली."

तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या तर मी पाया पडले असते. त्या नुसत्या खिडकी बंद करून बसल्या. पप्पा म्हणाले, "खोली सोडावी लागेल. मी गोखिवऱ्याला बघून ठेवतो." श्रावणी रडली. मी करवंटी धुऊन फळीवर पालथी घातली. पाखरं भिंतीवर यायची, वाट बघायची, मी दार लावून घ्यायचे. ज्यांचं झाड आपण तोडलं त्यांना कोणत्या तोंडानं खायला घालायचं?

चौथ्या दिवशी सकाळी मावशी माझ्या दारात उभ्या. "पाखरांचं ताट कुठाय?"

"ठेवलं आत. कशाला आता?"

"का? झाड पाखरांनी तोडलं?"

मी फळीवरच्या करवंटीकडे वळले.

"आण ते. आणि सांग, फोनवर विचारलं का नाहीस? मनात आलं नाही तुझ्या?"

"आलं."

"मग?"

"तुमचं झाड. मी कोण विचारणारी?"

मावशी मोठ्यानं म्हणाल्या, आणि तेवढंच काय ते त्या माझ्यावर ओरडल्या, "तू माझ्या घरात राहतेस! तू नाही विचारणार तर कोण विचारणार? पास्कू?"

मग ओट्यावर बसून त्यांनी सांगितलं. त्या झाडाचे पेरू नाताळाच्या आधी विकले जायचे आणि त्या पैशातून जानेवारीत काकांच्या नावाची मिस्सा व्हायची. मिस्सा म्हणजे त्यांच्या देवळातली प्रार्थना. मग चार नातेवाईक जेवायला यायचे. काकांच्या झाडाच्या पैशानं काकांची प्रार्थना, असं त्यांनी ठेवलं होतं.

"ते पैसे मी देईन," मी म्हटलं. हे मात्र मी पटकन म्हटलं.

"नको. माझी मुलगी आहे."

"तिचे पैसे झाडाचे नाहीत."

"आणि तुझे?"

मी मान खाली घालून बसले. मग मावशी म्हणाल्या, "बरं, दे. पण झाडाचे नको हं, झाडाची किंमत मी लावणार नाही. एका हंगामाच्या फळांचे दे. बाराशे." आणि उठता उठता, "जांब पण राहू दे आता. बावखल मी साफ करून घेईन."

पप्पांच्या पगारातून द्यायचे नव्हते. तोडायचं झाड मी दाखवलं होतं. म्हणून मी पास्कूनानांच्या वाडीत गेले. कुंपणापाशी दोनदा जाऊन परत आले, तिसऱ्यांदा आत शिरले. म्हटलं, सोनचाफा खुडायला बाई हवी आहे का? ते हसले. "पाखरांना जेवू घालणारी माझ्या वाडीत? फुलं खुड, पण माझ्या घडांच्या गोणी सोडलेल्या दिसल्या तर बघ!" तेव्हापासून रोज सकाळी जाते. चाफा उंचावर असतो, काठीच्या आकड्यानं फांदी खाली घ्यावी लागते, पाकळीला नख लागलं की फूल तपकिरी पडतं. आता नाना विचारतात, "आज तुझ्याकडे कोण कोण जेवलं?" आणि मी सांगते. परवा त्यांनी एक डागी घड बाजूला काढून ठेवला होता. "तुझ्या गिऱ्हाइकांना," म्हणाले.

करवंटी आता जांबाला टांगली आहे, इथल्या जांबाला. पहिले काही दिवस कुणी फिरकलं नाही. मग बुलबुल आले, मग ठिपक्यांची कोकिळा, एकटीच. तांबट मात्र यायला फार दिवस लागले. त्याला जागा आवडली नसेल की आम्ही, कुणास ठाऊक.

माय फोनवर म्हणते, घरी कधी येणार? मी तारीख सांगते, पण त्या 'घरी'वर थोडी अडते. गावात जांब म्हणजे जांब. तिथं कुणाला काही विचारावं लागत नाही, म्हणून तर मला विचारायची सवयच लागली नाही. इथं विचारावं लागतं. एकाच शब्दाची दोन झाडं निघतात. पण विचारलं तर कुणीतरी उठून दाखवायला येतं. तुझ्याकडे चाकणला असं कुणी आहे का, ते मला लिही. मला आता वाटतं, तेवढं एक माणूस असलं की ते घर.

मिस्सा उद्या आहे. आज सकाळी मी मावशींना शेवटचे दोनशे दिले. त्यांनी नोटा डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या, आधीच्या नोटांत ठेवल्या आणि म्हणाल्या, "फिटले, बाय. सगळे फिटले." मग नेहमीच्या आवाजात, "उद्या माणसं येतील. मागची वेल वाळलीय, तेवढी काढून टाक."

मी कोयता घेऊन गेले. मागं तीन वेली आहेत, आणि तिन्ही थोड्या थोड्या वाळलेल्या. मी परत आले आणि दारातूनच विचारलं, "कुठली वेल, मावशी?"

आत भांड्याचा आवाज थांबला. "थांब," त्या म्हणाल्या, "चप्पल घालते, दाखवते."